डिलीटच्या आधी ‘खात्री आहे का?’ विचारून नेमकं काय साधतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिअ‍ॅक्ट (वेबपानं बनवायची एक जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून केलेलं एक ॲडमिन पॅनेल, त्यात कोणाकडून तरी चुकून चालू ग्राहकाचं रेकॉर्ड उडालं, आणि आता वरून फर्मान निघालंय की प्रत्येक डिलीट बटणाला कन्फर्मेशन लावा. विचारणाऱ्याला एवढंच हवंय की ब्राउझरचं विंडो डॉट कन्फर्म (तयार मिळणारी हो-नाहीची खिडकी) वापरू की स्वतःचा मोडल (उत्तर देईपर्यंत मागचं पान अडवणारी खिडकी) बनवू.

मोडल बनवा. पण एवढ्यावर सोडलं तर तुम्ही दोन दिवसांत तीस ठिकाणी मोडल चिकटवाल आणि दोन महिन्यांनी परत कोणाचं तरी रेकॉर्ड उडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं असलीच बॅकऑफिसची सॉफ्टवेअरं बनवतोय आणि सुरुवातीला मी पण दिसेल त्या बटणावर ‘आर यू शुअर’ लावायचो. एकदा एका क्लायंटकडे डेटा एन्ट्री करणाऱ्या ताईंच्या मागे उभं राहून बघायची वेळ आली. त्या डुप्लिकेट नोंदी साफ करत होत्या. डिलीटवर क्लिक, एंटर. क्लिक, एंटर. डायलॉग नीट उमटायच्या आतच एंटर दाबलेलं असायचं आणि डोळे पुढच्या ओळीवर गेलेले असायचे. मी विचारलं, ताई ती खिडकी काय विचारते हो मधेमधे? तर म्हणाल्या, "कुठली खिडकी?" त्यांच्यासाठी डिलीट म्हणजे दोन टप्प्यांचं बटण झालं होतं, बस. माझा डायलॉग त्यांच्या हाताला पाठ होता, डोळ्यांना दिसतच नव्हता.

त्यातून मला कळलेली गोष्ट अशी की माणसाला डिलीट करायचंच असतं. बटण चुकून दाबलं गेलं, कोपर लागलं, असले प्रकार फार थोडे. चूक होते ती ‘करायचं की नाही’ यात होत नाही, ‘कशाचं’ आणि ‘किती’ यात होते. समोरच्याला वाटतं आपण ही ओळ काढतोय, प्रत्यक्षात वरची निघते. त्याला वाटतं चौदा काढतोय, प्रत्यक्षात चार हजार निघतात. अशा माणसाला ‘तुम्हाला खात्री आहे का?’ विचारलं तर तो प्रामाणिकपणे हो म्हणणार, कारण त्याला खरंच खात्री असते!

आमच्याकडचाच किस्सा सांगतो. लिस्टला फिल्टर लावून एका माणसाने जुन्या चौदा नोंदी काढल्या, वरच्या चेकबॉक्सवर टिक करून सगळ्या निवडल्या आणि डिलीट केलं. आमच्या कोडमध्ये ‘सिलेक्ट ऑल’ म्हणजे अख्खं टेबल, फिल्टरचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. डायलॉग आला, ‘निवडलेल्या नोंदी डिलीट करायच्या का?’ त्याने हो म्हटलं, बरोबरच केलं. त्या वाक्यात नुसता आकडा जरी असता, ‘३,८१२ नोंदी डिलीट होतील’, तर तो माणूस खुर्चीतून उठला असता. आम्ही बॅकअपवरून सगळं परत आणलं पण मधल्या अर्ध्या दिवसाचं काम गेलं, आणि मीटिंगमध्ये क्लायंटने शांतपणे विचारलं की कन्फर्मेशन होतं ना मग? होतं की.

हे फक्त आमच्यासारख्या लहान टीमचं होतं असं समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावरचं व्याज कंपनीच्या वतीने द्यायचं होतं, जवळजवळ ७८ लाख डॉलर, आणि गेले सुमारे ९० कोटी डॉलर. तीन माणसांनी तो व्यवहार बघून पास केला होता. सिस्टीमने इशारा पण दिला होता, की पैसे बँकेबाहेर जाणार आहेत, पुढे जायचं का. आता व्याजाचे पैसे पण बँकेबाहेरच जायचे होते! त्या इशाऱ्यात किती पैसे जाणार हेच नव्हतं, मग तिघांनी हो म्हटलं यात नवल काय. पुढे वर्षं-दोन वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या.

अमेरिकेतल्या हवाई राज्याचं उदाहरण तर याहून शिकण्यासारखं आहे. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी तिथल्या लोकांच्या फोनवर मिसाईल येतंय असा इशारा गेला. सॉफ्टवेअरमध्ये कन्फर्मेशन होतं, पण सराव असो की खरा इशारा, विचारायचं वाक्य एकच. शिवाय पाठवणाऱ्याचं म्हणणं असं पडलं की त्याला तो सराव आहे हे कळलंच नव्हतं, खरंच मिसाईल येतंय असं वाटलं. म्हणजे दहा वेळा विचारलं असतं तरी त्याने दहाही वेळा हो म्हटलं असतं. आणि फोनवर दुरुस्तीचा मेसेज जायला ३८ मिनिटं लागली कारण ‘चुकून गेलं’ असं सांगणारा मेसेज तयारच नव्हता. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आमच्या सिस्टीममध्ये ‘परत आणा’ कुठेकुठे आहे ते मोजायला बसलो. दोन ठिकाणी होतं.

म्हणून माझं सांगणं, कन्फर्मेशन लावायला घ्यायच्या आधी सगळ्या डिलीट बटणांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा, हे परत आणता येतं का. जिथे येतं, किंवा थोड्या कामाने आणता येईल, तिथे डायलॉग लावूच नका. क्लिक केलं की लगेच गायब, खाली पट्टी, ‘अमुक नोंद काढली’ आणि शेजारी ‘परत आणा’. बॉसला समजावताना जीमेलचं उदाहरण द्या, तिथे एखादा मेल डिलीट करताना कोणी विचारत नाही, तो ३० दिवस ट्रॅशमध्ये पडून असतो. पाठवलेला मेल मागे घ्यायची सोय पण तशीच, जीमेल ५, १०, २० किंवा ३० सेकंद तो हातात धरून ठेवतो आणि मगच सोडतो.

फक्त हे करताना एक चूक लोक हमखास करतात, ती म्हणजे ब्राउझरमध्ये टायमर लावून पाच सेकंदांनी डिलीटची रिक्वेस्ट पाठवायची. युजरने तेवढ्यात टॅब बंद केला की रिक्वेस्ट गेलीच नाही, त्याला वाटतं काढलं आणि दुसऱ्या दिवशी नोंद जिवंत. त्यापेक्षा सर्व्हरवर लगेच सॉफ्ट डिलीट करा, म्हणजे ‘कधी काढलं’ असा एक कॉलम ठेवायचा आणि त्यात तारीख-वेळ भरायची, आणि ‘परत आणा’ म्हणजे तो कॉलम रिकामा करणं. आणि नुसत्या पट्टीच्या भरवशावर राहू नका, काही लोकांना वाचायला वेळ लागतो, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला तिथे पोचायलाच वेळ लागतो, पट्टी गेली तरी कचरापेटीचं एक पान असू द्या.

सॉफ्ट डिलीट फुकट मिळत नाही हेही सांगतो. ईमेलवर युनिक इंडेक्स (तोच ईमेल दोनदा येऊ न देणारा डेटाबेसचा नियम) असेल तर काढलेल्या माणसाचा ईमेल अडकून बसतो, नव्याने नोंदणी केली की एरर. पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असाल तर पार्शल इंडेक्स टाका, म्हणजे तो नियम फक्त जिवंत ओळींना लागतो. रिपोर्टच्या एखाद्या क्वेरीत अट विसरलात की काढलेल्या नोंदी बेरजेत येतात आणि अकाउंटवाले फोन करतात. शिवाय माणसाने माझा डेटा पुसा असं सांगितलं तर कायद्याने तो खरोखर पुसावा लागतो अशी ठिकाणं आता बरीच आहेत, तिथे ‘लपवलाय’ चालत नाही, त्यामुळे ठरावीक दिवसांनी खरंच साफ करणारा जॉब हवाच.

आता उरतात ती बटणं जिथे खरंच परतीचा रस्ता नाही. अकाउंट कायमचं बंद करणं, हजार लोकांना मेल सोडणं, पैसे पाठवणं, प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवणं. इथे डायलॉग लावा, आणि नीट लावा. डब्ल्यूकॅगचा (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक नियमांचा) ३.३.४ हा निकष कायदेशीर, पैशाच्या आणि युजरच्या साठवलेल्या डेटाच्या बाबतीत हेच सांगतो: एकतर परत घेता यावं, नाहीतर चूक तपासून दाखवावी, नाहीतर शेवटी बघून पक्कं करायची संधी द्यावी. तीनपैकी एक असलं तरी चालतं. हे लिहून दाखवलं की ‘सगळीकडे कन्फर्मेशन’ म्हणणारे मॅनेजर पण जरा ऐकतात.

डायलॉगच्या मजकुराकडे या. यातच खरी मेख आहे, आणि हे काम शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं. मथळ्यात काय उडणार त्याचं नाव, खाली त्याच्याबरोबर आणखी काय काय जाणार. ‘हा ग्राहक डिलीट करायचा?’ असं लिहिण्यापेक्षा ‘साई ट्रेडर्स (चालू ग्राहक) काढायचा? त्यांची ४६ बिलं आणि ३ चालू ऑर्डरी पण जातील’. तुमच्या पॅनेलमध्ये ‘चालू’ हा एक शब्द डायलॉगमध्ये असता तर बहुतेक हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती. जँगो या पायथन फ्रेमवर्कच्या तयार ॲडमिनमध्ये हे पहिल्यापासून आहे, डिलीट दाबलं की वेगळं पान येतं आणि त्या नोंदीला लटकलेल्या किती गोष्टी जाणार त्याची यादी दिसते. दिसायला अगदी साधं पान, पण मी स्वतः त्या यादीमुळे दोनदा वाचलोय.

बटणांवर क्रियापद हवं. ‘हो’ आणि ‘नाही’ वाचायला प्रश्न आधी वाचावा लागतो आणि प्रश्न कोणी वाचत नाही हे आपण वर बघितलंच. ‘ग्राहक काढा’ आणि ‘राहू द्या’ लिहा. मराठी इंटरफेस करत असाल तर एक खास खड्डा आहे, कॅन्सलचं भाषांतर सगळीकडे ‘रद्द करा’ केलेलं असतं, मग डायलॉग विचारतो ‘ऑर्डर रद्द करायची का?’ आणि खाली बटणं ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता सांगा कुठलं दाबायचं? आमच्या टेस्टरने हा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता, खाली नुसता हात जोडलेला इमोजी. तेव्हापासून आमच्याकडे मागे फिरायच्या बटणावर ‘रद्द’ हा शब्द बंद.

विंडो डॉट कन्फर्म का नको त्याचं एक कारण यातच आलं, तिथली बटणं बदलता येत नाहीत, ब्राउझर ज्या भाषेत असेल त्या भाषेत ओके-कॅन्सल येतं. दुसरं म्हणजे तो डायलॉग उघडा असेपर्यंत पानावरचं सगळं जावास्क्रिप्ट थांबतं. तिसरं, एकापाठोपाठ डायलॉग आले की काही ब्राउझर ‘या पानाचे आणखी डायलॉग नकोत’ असा चेकबॉक्स देतात, युजरने त्यावर टिक केलं की कन्फर्म न दिसताच फॉल्स परत येतं, आणि मग तक्रार येते की डिलीट बटण चालतच नाही. आणि तुमचं पॅनेल दुसऱ्या डोमेनच्या पानात आयफ्रेममध्ये (पानाच्या आतल्या पानात) बसत असेल तर त्या वाटेला जाऊच नका, २०२१ मध्ये क्रोमने तिथले हे डायलॉग बंद करायला घेतले, बऱ्याच साइट्स मोडल्या म्हणून पुढे ढकलावं लागलं, पण दिशा कळलीच. आतल्या वापराच्या, चारपाच लोकांच्या टूलला मात्र विंडो कन्फर्म चालतं, तिथे उगाच लायब्ररी आणू नका.

स्वतःचा मोडल म्हणजे डिव्हवर डिव्ह (एचटीएमएलचे साधे डबे) रचत बसू नका. एचटीएमएलचा डायलॉग एलिमेंट मार्च २०२२ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हीकडे आहे. शोमोडल या त्याच्या फंक्शनने उघडला की मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, टॅबने फोकस (कीबोर्ड सध्या ज्या बटणावर आहे ती जागा) मागच्या पानात जात नाही, एस्केपने बंद होतो. रिअ‍ॅक्टमध्ये लोक ओपन ॲट्रिब्यूट ट्रू करून मोकळे होतात, त्याने डायलॉग दिसतो पण मोडल होत नाही, मागची बटणं तशीच दाबता येतात. रेफने तो एलिमेंट हातात घ्या आणि इफेक्टमध्ये, म्हणजे पान उमटल्यावर, शोमोडल बोलवा. रोल अलर्टडायलॉग द्या, मथळा आणि मजकूर आरिया लेबल्डबाय आणि डिस्क्राइब्डबाय या ॲट्रिब्यूटनी जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर उघडल्या उघडल्या ‘४६ बिलं’ पण वाचेल.

फोकस सुरुवातीला ‘राहू द्या’ वर. त्या ताईंचं क्लिक-एंटर आठवा, फोकस लाल बटणावर असेल तर तुमचा डायलॉग असून नसल्यासारखा. आणखी एक बारीक गोष्ट, काम झाल्यावर ब्राउझर फोकस जिथून डायलॉग उघडला त्या बटणावर परत नेतो, पण ती ओळच उडालेली असते, मग फोकस पानाच्या सुरुवातीला जातो आणि कीबोर्डवाला माणूस परत वरून खाली येत बसतो. पुढच्या ओळीवर फोकस द्या, ओळच उरली नसेल तर लिस्टच्या मथळ्यावर.

जुना कोड बदलताना एका ठिकाणी खरंच हात भाजतात. जुनं कन्फर्म लगेच ट्रू-फॉल्स द्यायचं, तुमचा नवा मोडल प्रॉमिस देणार, म्हणजे ‘उत्तर नंतर देतो’ असं सांगणारी वस्तू. इफच्या कंसात नुसतं नवं फंक्शन टाकलं आणि अवेट (उत्तर येईपर्यंत थांबवणारा शब्द) विसरलात तर प्रॉमिस हे नेहमी खरंच धरलं जातं, म्हणजे डायलॉग दिसतोय आणि मागे नोंद उडून पण गेली! टाइपस्क्रिप्टचा (टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टचा) स्ट्रिक्ट मोड हे पकडतो, साधं जावास्क्रिप्ट असेल तर लिंटरचा (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलचा) नियम लावा आणि तरी एकेक जागा डोळ्याखालून घाला. टेस्टवर विसंबू नका, आपोआप टेस्ट चालवणाऱ्या टूलपैकी सायप्रेस ब्राउझरचं कन्फर्म स्वतःच मान्य करून पुढे जातं आणि प्लेराइट लिसनर (डायलॉगला उत्तर देणारा कोड) नसेल तर स्वतःच नाकारतं, त्यामुळे जुन्या टेस्ट नेमकं काय तपासत होत्या ते आधी बघा.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा सगळा कोड) काढताना नाव टाइप करायला लावतात ते अनेकांना कॉपी करायचं असतं. चांगलं आहे, कारण त्यात हाताला पाठ होण्यासारखं काही नाही, दर वेळी वेगळं नाव, आणि ‘कशाचं’ हा प्रश्न आपोआप विचारला जातो. म्हणूनच सगळीकडे एकच ठरलेला शब्द टाइप करायला लावण्यात निम्मा फायदा जातो, तो शब्द पण बोटांना पाठ होतो. पण हे वर्षातून दोनदा होणाऱ्या कामाला ठेवा, रोजच्या कामाला लावलंत तर लोक कॉपी-पेस्ट करतील आणि तुम्हाला शिव्या घालतील. नाव देवनागरीत असेल तर तुलना करायच्या आधी दोन्ही बाजू युनिकोड नॉर्मलाइझ करा (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलं असेल तर एकसारखं करा) आणि आजूबाजूच्या स्पेस काढा. ‘ऱ्या’ मधला ऱ कोणी एका अक्षराने टाइप करतं, कोणाचा कीबोर्ड र आणि नुक्ता वेगळा देतो, कोणाकडे झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) येतो. पहिल्या दोन नॉर्मलायझेशनने एक होतात, जॉइनरवालं रूप मात्र तुम्हालाच ऱ मध्ये बदलून घ्यावं लागतं, नाहीतर युजर बरोबर नाव टाइप करतोय आणि बटण काही उजळत नाही.

आणि हे सगळं फक्त पुढची बाजू झाली, सर्व्हरला यातलं काहीच माहीत नसतं. २००५ मध्ये गूगलचं वेब ॲक्सिलरेटर पानं वेगाने उघडावीत म्हणून लिंक आधीच मागवून ठेवायचं, आणि ज्यांनी डिलीट साध्या गेट लिंकवर (नुसतं पान मागवायच्या रिक्वेस्टवर) ठेवलं होतं त्यांचा डेटा कोणी न दाबताच उडायला लागला. जावास्क्रिप्टचं कन्फर्म होतं काहींकडे, पण मशीन लिंकवर जाताना ते बघत नाही. तेव्हा डिलीट गेटवर नको, परवानगी सर्व्हरवर तपासा, सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानातून आली याची खूण) ठेवा, हे बेसिकच आहे.

थोडं कमी माहीत असलेलं म्हणजे डायलॉगमध्ये जे दाखवलं तेच सर्व्हरला पाठवा. ओळीचा क्रमांक पाठवू नका, आयडी पाठवा, कारण डायलॉग उघडा असताना लिस्ट रिफ्रेश होऊन ओळी सरकू शकतात. बल्क डिलीट (एकदम अनेक नोंदी काढणं) असेल तर अपेक्षित आकडा पण पाठवा. युजरला ‘१४ नोंदी’ दाखवल्या आणि सर्व्हरला मोजताना ३,८१२ सापडल्या तर त्याने ४०९ (‘विसंगती आहे’ असं सांगणारा एरर कोड) देऊन थांबायचं. आमच्या त्या प्रकारानंतर मी हेच पहिलं टाकलं, पाचसहा ओळींचा कोड असेल, त्यानंतर दोनदा त्याने अडवलंय आणि दोन्ही वेळा चूक आमच्या फिल्टरची निघाली.

तुमच्या पॅनेलपुरतं सांगायचं तर ग्राहक, बिलं, ऑर्डरी यांना सॉफ्ट डिलीट आणि ‘परत आणा’, चालू ग्राहक असेल तर सर्व्हरनेच नाही म्हणावं, आधी ‘बंद’ करा मग काढा. खरंच डायलॉग लागणारी बटणं मला वाटतं तीन-चारच उरतील. त्यांना नीट मजकूर लिहा आणि सोबत दोन आकडे लॉग करायला लागा, डायलॉग किती वेळा उघडला आणि त्यातून किती जण मागे फिरले. महिनाभराने बघा. चारशे वेळा उघडला आणि एकही माणूस मागे फिरला नाही असं दिसलं तर तो डायलॉग काढून टाका आणि तिथे परत आणायची सोय करा.